'स्मृतिचित्रे'तील कृपाविचार : दैनंदिन जीवन आणि ख्रिस्ती श्रद्धा

प्रस्तावना

मराठी व्यवहारात 'कृपा' हा शब्द अतिपरिचयाने झिजलेला आहे. अर्जाच्या आरंभी 'कृपया' येते, पत्राच्या शेवटी 'कृपाभिलाषी' येते, घराच्या दारावर 'गुरुकृपा' किंवा 'मातृकृपा' असते. कुशल विचारले असता 'आपल्या कृपेने ठीक आहे' असे उत्तर मिळते. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. कृपा वरून खाली येते. देणारा थोर असतो आणि घेणारा लहान. ख्रिस्ती धर्मविचारातील मध्यवर्ती संकल्पनेसाठी मराठी बायबलने हाच शब्द स्वीकारला. त्यामुळे शब्दासोबत त्याची सरंजामी छायाही आली. ही छाया ख्रिस्ती कृपेच्या मूळ आशयाशी कितपत जुळते, आणि मराठी साहित्यात कृपेचा अनुभव रोजच्या जगण्याच्या पातळीवर कसा व्यक्त झाला आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' (1934 ते 1937) या आत्मचरित्राच्या आधारे घेतला आहे.

कृपा : शब्द आणि संकल्पना

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस' हा आहे. त्यात प्रसन्नता, देणगी आणि कृतज्ञता या तिन्ही छटा आहेत. जुन्या करारातील 'हेसेद' हा हिब्रू शब्द करार पाळणाऱ्या अढळ प्रेमाचा वाचक आहे. पौलाच्या पत्रांत कृपेचा अर्थ अधिक नेमका होतो. मनुष्याचे तारण त्याच्या कर्माचे वेतन नसून ते विनामूल्य मिळालेले दान आहे, ही त्यांची मुख्य भूमिका होय. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्यात झालेला वाद आणि सोळाव्या शतकात ल्यूथरने मांडलेला विचार ही या भूमिकेचीच पुढील वळणे आहेत.

मराठी मनाला हा विचार सर्वस्वी अपरिचित नव्हता. वारकरी संतांनी यज्ञयाग आणि कर्मकांड यांपेक्षा देवाच्या करुणेवर भिस्त ठेवली. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी कबुली रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी दिली आहे. ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. टिळकांच्या अभंगांतील ख्रिस्त मराठी भक्ताच्या ओळखीचा वाटतो, याचे कारण कृपेचे हे नाते होय. तथापि टिळकांच्या काव्यात कृपा ही प्रामुख्याने भावावस्था आहे. तिचे व्यावहारिक रूप पाहायचे तर त्यांच्या पत्नीच्या गद्याकडे वळावे लागते.

'स्मृतिचित्रे' : घेणाऱ्या हाताची कथा

'स्मृतिचित्रे'त धर्मशास्त्राची चर्चा जवळजवळ नाही. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेले नव्हते, आणि त्यांची विनोदी, बोलीला जवळची शैली कोणत्याही उपदेशाला थारा देत नाही. मराठी समीक्षेने या ग्रंथाचा गौरव प्रामुख्याने त्याच्या प्रांजळपणासाठी आणि टिळकांच्या व्यक्तिचित्रासाठी केला आहे. परंतु ग्रंथाच्या रचनेकडे लक्ष दिल्यास त्यात आणखी एक सूत्र आढळते. हे सूत्र म्हणजे स्पर्श, अन्न आणि पाणी यांचा प्रवास.

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस कोणाच्या तरी हाताने विटाळलेला असणार, या धास्तीने ते मिठासारखा पदार्थही धुऊन घ्यायला लावत. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात. पण त्या घरातील स्त्रियांची झालेली कुचंबणा त्या हसण्याआड लपत नाही. ज्या घरात जगाकडून काहीही सरळ हाताने घेता येत नाही, अशा घरात ही कथा सुरू होते. सोवळे म्हणजे केवळ शुचितेचा नियम नव्हे. दुसऱ्याचे काही लागत नाही, असे सिद्ध करण्याचा तो अखंड प्रयत्न आहे. कृपेच्या विरुद्ध टोकाला पाप असते असे सामान्यतः मानले जाते. 'स्मृतिचित्रे'त मात्र कृपेच्या विरुद्ध टोकाला सोवळे आहे.

पुढे 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत टिळकांना एका परक्या सहप्रवाशाकडून नवा करार मिळतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने ही घटना तारणाची नव्हती, संसार मोडल्याची होती. लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने काढलेल्या वर्षांचे वर्णन त्यांनी कोणतीही सारवासारव न करता केले आहे. पतीला लाभलेली कृपा पत्नीच्या वाट्याला आघात म्हणून आली, ही गोष्ट पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी पुसून टाकली नाही. ख्रिस्ती साक्षीच्या प्रचलित साच्यात पूर्वायुष्य अंधाराचे आणि उत्तरायुष्य प्रकाशाचे असते. लक्ष्मीबाई हा साचा नाकारतात, आणि त्यामुळेच त्यांची साक्ष विश्वसनीय ठरते.

पतीकडे परतल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. त्यांचे मन बदलले ते प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत, हा विचार एके दिवशी त्यांच्या मनात ठाम झाला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. ग्रंथाचा खरा कळस येथे आहे. ख्रिस्ती लेखनात कृपेची चर्चा बहुधा देणाऱ्याच्या बाजूने होते. लक्ष्मीबाईंच्या अनुभवात कृपा म्हणजे घ्यायला शिकणे होय. ज्या हाताकडून पाणी घेणे आयुष्यभर निषिद्ध मानले, त्याच हाताकडून ते घेणे, हा त्यांचा पहिला बाप्तिस्मा म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कृपेचा हिशेब

'स्मृतिचित्रे'तील दुसरा महत्त्वाचा पैलू टिळकांच्या दानशूरपणाचा आहे. टिळक घरातील पैसा समोर येईल त्या गरजूला देऊन मोकळे होत. अनाथ मुलांना घरी आणत. या वृत्तीला कृपेचे मूर्त रूप म्हणता येईल. परंतु लक्ष्मीबाईंची लेखणी येथे एक अवघड प्रश्न उपस्थित करते. या कृपेची किंमत कोण मोजत होते? रिकाम्या डब्यांतून स्वयंपाक उभा करणे, आणलेल्या मुलांचे दुखणेखुपणे काढणे, उसनवारी करणे हे सर्व गृहिणीच्या वाट्याला येई. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 साली 'स्वस्त कृपा' आणि 'मोलाची कृपा' असा भेद केला. ज्या क्षमेमागे अनुसरण नाही, ती कृपा त्यांच्या मते स्वस्त होय. लक्ष्मीबाईंच्या कथनातून या भेदाला एक घरगुती जोड मिळते. एकाचे औदार्य दुसऱ्याच्या कष्टांवर उभे असेल, तर कृपेची चर्चा त्या कष्टांच्या उल्लेखाशिवाय अपुरी राहते. टिळकांच्या मृत्यूनंतर अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घालून पुढे नेले, हेही याच जोडकामाचे उदाहरण होय.

वर्धा : द्राक्षमळ्याचा दाखला

कृपेचा हा विचार वर्धा जिल्ह्याच्या भूमीत वेगळ्या वाटेने पोहोचला. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आहे. सकाळपासून राबलेल्या आणि शेवटच्या तासाला आलेल्या मजुराला मालक सारखीच मजुरी देतो. जॉन रस्किन यांनी 1860 साली याच दाखल्यातील शब्दांवरून आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांना शीर्षक दिले. गांधीजींनी ते पुस्तक 1904 साली दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि त्याच्या गुजराती रूपांतराला 'सर्वोदय' हे नाव दिले. मार्च 1948 मध्ये सेवाग्राम येथील संमेलनात सर्वोदय समाजाची स्थापना झाली. म्हणजे वर्ध्याशी एकरूप झालेल्या या शब्दाच्या मुळाशी ख्रिस्ती कृपेचा एक दाखला आहे.

मगनवाडीत दीर्घकाळ काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे स्वतः ख्रिस्ती होते. तुरुंगवासात लिहून 1945 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनी एकीकडे येशूच्या शिकवणीचा अर्थ लावला आणि दुसरीकडे परोपजीवी व्यवस्थेपासून सेवाप्रधान व्यवस्थेपर्यंत अर्थरचनेच्या पायऱ्या मांडल्या. परतफेडीची अपेक्षा न ठेवणारी त्यांची सेवाप्रधान व्यवस्था म्हणजे कृपेचे अर्थशास्त्रीय भाषांतरच होय. जिल्ह्यातील कापूस वेचणारी मजूर स्त्री आजही किलोच्या वजनावर मजुरी घेते. म्हातारपणामुळे वा आजारामुळे जिचे गाठोडे हलके भरते, तिची भूक हलकी नसते. द्राक्षमळ्याचा दाखला तिच्या दृष्टीने धर्मोपदेश नव्हे. तो काट्यावरचा प्रश्न आहे.

आक्षेप

कृपाविचारावरील सर्वांत गंभीर आक्षेप याच विदर्भात उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मोक्षदाता आणि मार्गदाता यांत भेद करून बुद्धाला मार्गदाता म्हटले. शतकानुशतके ज्यांना वरून टाकलेलेच घ्यावे लागले, त्यांना पुन्हा घेण्याचीच शिकवण देणे हा अन्याय ठरतो. त्यांना हवा असतो तो हक्क. या आक्षेपाला 'स्मृतिचित्रे'त पूर्ण उत्तर नाही. लक्ष्मीबाईंचा प्रवास वरून खाली येणाऱ्या व्यक्तीचा आहे. घ्यायला शिकणे ही त्यांच्यासाठी मुक्ती होती. ज्याला घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याच्यासाठी ती तशी असेलच असे नाही.

मनोहर दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे सुरू केलेल्या कुष्ठसेवेच्या कार्यात या पेचातून एक वाट दिसते. तेथे रुग्णाला केवळ दयेचा विषय न मानता शेती आणि सूतकताई यांचा भागीदार मानले गेले. सेवाग्राममध्ये कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनी करीत. देणाऱ्याने वाकणे आणि घेणाऱ्याने उभे राहणे, या दोन्ही क्रिया एकत्र घडल्या तरच कृपेला सरंजामी छायेतून बाहेर पडता येते.

समारोप

'स्मृतिचित्रे' हा ख्रिस्ती कृपेवरील प्रबंध नाही. तरीही मराठीत या संकल्पनेचा इतका प्रामाणिक पडताळा अन्यत्र क्वचितच आढळतो. या ग्रंथात कृपा सोवळ्याच्या विरोधात उभी राहते, ती घरातील स्त्रीच्या कष्टांतून मोजली जाते, आणि तिची खूण प्रार्थनेपेक्षा पाण्याच्या भांड्यात अधिक स्पष्ट दिसते. त्याचबरोबर जातिव्यवस्थेच्या तळाशी असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा विचार कोठे अपुरा पडतो, हेही ग्रंथ वाचताना लक्षात ठेवावे लागते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास अद्याप मुख्यतः धर्मांतराच्या घटनेभोवती फिरतो. धर्मांतरित घरांतील चूल, पाणवठा आणि उसनवारी यांच्या नोंदी याच दृष्टीने वाचल्या गेल्या, तर कृपा या शब्दाचा मराठी अर्थ अधिक नेमकेपणाने सांगता येईल.