‘अलबेला’ची गाणी आणि लोकांची पावले

करुण गीतातल्या एखाद्या मींडेवर पानेच्या पाने खर्ची घालणारी आमच्या संगीतसमीक्षकांची लेखणी चित्रपटातील हास्यगीतापाशी आली की ‘बाष्कळ, परंतु लोकप्रिय’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल करते. आणि ते लोकप्रिय झाले कशामुळे, हा चिकित्सेचा खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

1951 च्या ‘अलबेला’ची गाणी या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचे, आणि नायक कोण, तर गिरणी कामगाराचा मुलगा, स्वस्तातल्या मारधाडीच्या चित्रपटांत वाढलेला, स्थूल देहाचा भगवान पालव! ‘शोला जो भडके’मध्ये शेजारी गीता बाली विजेसारखी लवत असताना या गृहस्थांचे पाऊल वीतभरही सरकत नाही, कोपरात वाकवलेले हात संथपणे झुलतात, कमरेला किंचित हेलकावा मिळतो, आणि मुद्रेवर असा निष्पाप आनंद असतो, की आपण नाचतो आहोत याचे त्यांना स्वतःलाच कौतुक वाटत असावे. माझ्या मते या गीताच्या प्रसाराचे मर्म इथेच आहे. जन्मात ज्याने नृत्याची तालीम घेतली नाही, असा पोट सुटलेला कारकूनही वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत हे नृत्य निःसंकोचपणे करू शकतो. आणि त्याला लोक हसलेच, तर ते हसणे त्या नृत्यात आधीपासूनच जमेस धरलेले असते.

मात्र पाऊल सोपे म्हणून रचनाही सोपी होती, असे कोणी समजू नये. सी. रामचंद्रांच्या हाताशी हळदोण्याचे गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते (ते आपल्या वाद्यवृंदासह या चित्रपटात दिसतातही), आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका देशी कानांना परका वाटू नये, इतक्या बेताने तो या चालींत मुरवलेला आहे. त्यावर ‘चितळकर’ या नावाने गाणारा संगीतकाराचा स्वतःचा आवाज गायकी मिरवीत नाही; तो गप्पा मारावा तसा गातो. ऐकणाऱ्याला वाटते, हे आपल्यालाही जमेल.

सरकारी आश्रयाचा तर येथे प्रश्नच नव्हता. 1952 साली नभोवाणीची सूत्रे हाती आलेल्या बा. वि. केसकरांच्या अमदानीत चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला. श्रोत्यांनी मुकाट्याने रेडिओ सिलोनचा काटा गाठला, आणि 1957 मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून सरकारलाच माघार घ्यावी लागली. वरातीच्या बँडवाल्यांना तर कोणत्याच फर्मानाची बाधा नव्हती.

अलीकडची हास्यगीते लोकांनी उचलावीत असे एक पाऊल आधी बेतून, मग त्याभोवती चाल गुंडाळून बाजारात येतात. त्यांतली काही गमतीची आहेत, पण बहुतेक हंगामापुरती. कारण त्यांचे पाऊल कवायतीसारखे हुबेहूब गिरवावे लागते, आणि भगवानदादांचे पाऊल ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे सैल होते.

सी. रामचंद्रांच्याच ‘अनारकली’ला आमच्या समीक्षेने जेवढी जागा दिली, तिच्या निम्मी तरी ‘अलबेला’ला द्यावी, ही मागणी अवाजवी ठरू नये.