मधली फळी रिकामी आहे

लातूर आणि नांदेडमध्ये पुस्तकांची दुकानं कमी नाहीत, आणि जूनमध्ये त्यांत पाय ठेवायला जागा नसते. पण बहुतेक गिऱ्हाईक नीट-जेईईचं. 'लातूर पॅटर्न'ची टिंगल करण्यात मला रस नाही. त्याच्या जोरावर या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली. अडचण वेगळी आहे. याच मुलांना अभ्यासाबाहेरचं काय द्यावं, असं कुणी विचारलं की आपण 'श्यामची आई' सुचवतो, नाहीतर एकदम 'कोसला'. मधली फळी रिकामीच.

खालच्या फळीची फारशी काळजी नाही. नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला २०२५चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पहिली ते चौथीच्या मुलांना कविता नुसती वाचायला देऊ नये, मोठ्यानं म्हणून दाखवावी. त्यासाठी हा संग्रह घरात असावा. पाचवी-सहावीसाठी संगीता बर्वे यांचं 'पियूची वही' आहे, २०२२चं पुरस्कारप्राप्त. डायरीचा घाट असल्यानं रोज दोन-चार पानं वाचून ठेवून देता येतात. ज्या घरात पुस्तकांची सवय नाही, तिथं ही फार मोठी सोय आहे.

सातवी-आठवीत गळती लागते. मूल 'बाल' राहत नाही, आणि मोठ्यांची कादंबरी त्याला अजून पेलत नाही. त्यात आपण त्याच्या पुस्तकांतली चित्रंही काढून घेतो, कारण चित्रं म्हणजे लहान मुलांची, ही आपली पक्की समजूत. वास्तविक इंद्रजाल कॉमिक्स मराठीत १९६४ पासून निघत होती आणि वेताळाच्या गोष्टी घरातली मोठी माणसंही चोरून वाचत. तो वाचक पुढं कुठं गेला, याचा विचार आपण केला नाही.

या वयासाठी मी बिनदिक्कत 'भीमायन' सुचवतो. २०११मध्ये आलेली ही चित्रकादंबरी दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रेखाटली. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. मूळ मजकूर इंग्रजी आहे, पण इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलालाही चित्रं पुढं नेतात. कॉमिक्समध्ये असतात तसे चौकोन इथं नाहीत. गोंड नक्षीच पान विभागते. प्रेमानं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या लहानग्या भीमाला आणि भावंडांना रात्रभर पाणी मिळत नाही. शिदोरी आहे, पण पाण्यावाचून घास उतरत नाही. हा प्रसंग पाठ्यपुस्तकी चरित्रांमुळं गुळगुळीत झाला होता. इथं त्याची तहान पुन्हा जाणवते. पुस्तकात दौलताबादही आहे, म्हणजे आपला मराठवाडाच. खोट एकच. बसथांब्यावर आरक्षणाविषयी वाद घालणाऱ्या दोघांच्या संभाषणातून गोष्ट उलगडते आणि ते संभाषण अधूनमधून भाषणाच्या वाटेनं जातं. चित्रांना त्या आधाराची गरज नव्हती.

नववीनंतर प्रसाद कुमठेकर यांची 'बगळा' द्यावी. उदगीरच्या शाळकरी पोराचं जग त्याच्याच बोलीत इथं येतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली काही पानं अडतील; उदगीर-देगलूरच्या मुलाला मात्र पुस्तक आपल्या घरात बोलतंय असं वाटेल. 'शुद्ध बोल' हे ऐकत वाढलेल्या मुलाला याहून मोठा दिलासा कोणता? मुलींच्या, आणि आवर्जून मुलांच्याही हाती बालाजी मदन इंगळे यांची 'झिम पोरी झिम' द्यावी. वयात येणाऱ्या गावाकडच्या मुलींची स्वप्नं कुठं आणि कशी मोडतात, ते ती सांगते. बारावीनंतर आसाराम लोमटे यांचा 'आलोक' (साहित्य अकादमी, २०१६). त्यातल्या कथा लांब आहेत, सावकाश चालतात. पण गावातलं राजकारण माणसाला कसं चेपतं, हे त्यांच्याइतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल.

एवढं सुचवूनही फळी भरत नाही, कारण आपल्या भागावरची मराठी चित्रकादंबरी मी या यादीत घालू शकलेलो नाही. विषय तर दाराशी आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं; पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाण्याच्या. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी असलेली पोरं आज विशीत आहेत. त्यांच्यातल्या कुणाचा हात चित्रात चांगला असेल, तर त्याला गोरेगावची ती रात्र दाखवायला हवी. पाण्याची गोष्ट अशीही सांगता येते, हे त्याला कळेल.

तोवर आहे ते द्या. फक्त पुस्तक वाचून झाल्यावर 'यातून काय बोध घेतलास?' असं विचारू नका. प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे भरपूर आहेत.