पीएचडीआधी सीएफए करू का? एका अभ्यासक्रमाची उलटतपासणी

"ताई, पीएचडीला अर्ज करायच्या आधी सीएफए करून टाकू का? प्रोफाइल स्ट्राँग होईल ना?"

हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकायला मिळतो. एम.कॉम. किंवा एमबीएच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली कॅन्टीनमध्ये चहाला गाठतात आणि हेच विचारतात. मी दरवेळी घाईघाईत काहीतरी उत्तर देते आणि नंतर वाटत राहतं की अर्धंच सांगितलं. म्हणून आज नीट लिहिते.

आधी माझी बाजू सांगून टाकते. मी लेव्हल वन आणि लेव्हल टू पास आहे, लेव्हल थ्री दिलेली नाही. म्हणजे माझ्या नावापुढे ती तीन अक्षरं नाहीत. तेव्हा 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' असं कुणी म्हटलं, तर ते ऐकून घ्यायची माझी तयारी आहे. पण आतून बघितलंय म्हणूनच काही गोष्टी सांगता येतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सीएफए तुम्हाला फायनान्सची भाषा फार चांगली शिकवतं. पण संशोधनाला जी एक सवय लागते, ती ते लावत नाही. आणि तुम्ही सावध नसाल तर तिच्या नेमकी उलटी सवय लागते.

ही परीक्षा मुळात कुणासाठी?

१९४५ च्या जानेवारीत न्यू यॉर्कमध्ये 'द अ‍ॅनालिस्ट्स जर्नल' सुरू झालं. पहिल्याच अंकात बेंजामिन ग्रॅहम यांनी बाजू मांडली की शेअर आणि रोख्यांचं विश्लेषण करणाऱ्यांना व्यावसायिक मान्यता असायला हवी. त्याच अंकात ल्युशियन हूपर यांनी विरोधी बाजू मांडली. पुढे अठरा वर्षांनी, जून १९६३ मध्ये, पहिली परीक्षा झाली. तिला २८४ जण बसले होते.

आज या संस्थेचं मुख्यालय अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल इथे आहे. तीन लेव्हल आहेत आणि नुसत्या तिन्ही पास होऊन भागत नाही. किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, मगच चार्टर मिळतो.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. ही परीक्षा धंद्यातल्या लोकांनी धंद्यासाठी उभी केली. अभ्यासक्रमात काय ठेवायचं हे ठरवताना संस्था आजही बाजारात काम करणाऱ्यांना विचारते की तुम्हाला रोजच्या कामात काय लागतं. म्हणजे बहुतेकांचं ज्यावर एकमत आहे, ते पुस्तकात येतं. धंद्यासाठी हे योग्यच आहे. फंड हाउसमध्ये दहा अ‍ॅनालिस्ट दहा तऱ्हांनी कॅश फ्लो मोजायला लागले तर काम कसं चालणार?

पण संशोधनाचं काम त्या एकमताला जिथे तडा जातो तिथे सुरू होतं. हा फरक मला पुस्तकातून कळला नाही, फजिती होऊन कळला.

"यात सत्यम कुठे आहे?"

लेव्हल वनमध्ये 'सर्व्हायव्हरशिप बायस' शिकवतात. अर्थ सोपा आहे. आज जे टिकून आहेत त्यांचाच डेटा घेतलात, तर बुडालेले हिशोबातून गळतात आणि परतावा आहे त्यापेक्षा गोंडस दिसतो. माझी व्याख्या तोंडपाठ होती. यावरचे सराव-प्रश्न मी डोळे झाकून सोडवायचे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पहिला डेटासेट तयार केला. निफ्टी ५० ची आजची यादी घेतली, त्या पन्नास कंपन्यांचे २००५ पासूनचे भाव उतरवले, परतावे काढले, तक्ते केले. आकडे इतके छान आले की मी खूश होऊन गाइडकडे गेले. त्यांनी तक्ता दोन मिनिटं बघितला आणि एवढंच विचारलं, "अगं, यात सत्यम कुठे आहे?"

सत्यम कॉम्प्युटर्स निफ्टीतही होती आणि सेन्सेक्समध्येही. जानेवारी २००९ मध्ये हिशोबातला घोटाळा बाहेर आला, शेअर कोसळला आणि त्याच महिन्यात दोन्ही निर्देशांकांतून तिला काढलं. २००५ साली ज्याने निफ्टीतले शेअर घेतले, त्याच्याकडे सत्यम होती. माझ्या तक्त्यात नव्हती. कारण मी २००५ सालच्या गुंतवणूकदाराला आजची यादी हातात देऊन बाजारात पाठवलं होतं.

व्याख्या पाठ होती, परीक्षेत मार्क मिळाले होते, आणि समोर चूक घडत असताना ती मला दिसली नाही. का? कारण परीक्षेत प्रश्नच सांगतो की इथे काहीतरी चुकलंय, शोधा. तीन पर्याय समोर असतात आणि त्यातलं एक नाव असतं 'सर्व्हायव्हरशिप बायस'. डेटा तसं काही सांगत नाही. तो शहाण्यासारखा एक्सेलमध्ये बसलेला असतो.

बीटा येतो कुठून?

आता दुसरं उदाहरण. लेव्हल वनच्या धर्तीचा हा प्रश्न मी स्वतःच तयार केला आहे:

जोखीममुक्त दर ७ टक्के, बाजाराचा अपेक्षित परतावा १२ टक्के, शेअरचा बीटा १.२. तर सीएपीएमप्रमाणे अपेक्षित परतावा किती? (अ) १३.० (ब) १४.४ (क) २१.४

उत्तर (अ): ७ अधिक १.२ गुणिले ५. जो १२ मधून ७ वजा करायला विसरतो तो (क) वर जाऊन आपटतो. लेव्हल वनमध्ये १८० प्रश्नांना २७० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. हा प्रश्न तीस सेकंदांत सुटतो आणि आपल्याला वाटतं, सीएपीएम जमलं.

आता हाच प्रश्न पीएचडीच्या सेमिनारमध्ये ठेवून बघा. जोखीममुक्त दर कुठला घेतलात? ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा की १० वर्षांच्या सरकारी रोख्याचा? 'बाजार' म्हणजे काय? तीस कंपन्यांचा सेन्सेक्स की निफ्टी ५००? बीटा रोजच्या भावांवरून काढला की महिन्याच्या? ज्या छोट्या कंपनीचा शेअर चार-चार दिवस हलत नाही, तिचा रोजच्या भावांवरून काढलेला बीटा खोटाच कमी दिसतो. त्यावर काय उपाय केलात? स्कोल्स आणि विल्यम्स यांनी १९७७ मध्ये आणि डिमसन यांनी १९७९ मध्ये याच अडचणीवर तोडगे सुचवले होते. आणि १९७७ मध्येच रिचर्ड रोल यांनी तर मुळावरच बोट ठेवलं: खरा बाजार म्हणजे जमीन, सोनं, माणसाचं कौशल्य, सगळंच, तो कुणालाच पूर्ण मोजता येत नाही. मग सीएपीएम तपासलं असं तुम्ही म्हणता, तेव्हा नेमकं काय तपासता?

परीक्षेत बीटा 'दिलेला' असतो. संशोधनात काहीच दिलेलं नसतं.

इथे अभ्यासक्रमावर अन्याय करायचा नाही. सीएपीएमच्या मर्यादा त्यात आहेत. लेव्हल टूमध्ये बॅकटेस्टिंगचे धोके आहेत, रिग्रेशनच्या गृहीतकांचं काय बिघडू शकतं तेही आहे. माहिती सगळी आहे. पण ती पाच मुद्द्यांच्या यादीसारखी येते, आणि यादी आपण पाठ करतो. शंका घेण्याचा सराव त्यातून होत नाही. दीड मिनिटात कुणी शंका घेत बसला तर तो नापासच होईल. जुलै २०२१ मध्ये लेव्हल वनला फक्त २२ टक्के पास झाले होते, तेव्हा हा धोका काही गमतीचा नाही.

मग चांगलं काय आहे?

बरंच. ताळेबंद वाचायला मी खऱ्या अर्थाने तिथेच शिकले. नफा दिसतोय पण रोकड कुठे आहे, भाडेपट्टा कुठे दडवलाय, हे प्रश्न पदवीच्या वर्गात मला कुणी विचारले नव्हते. रोख्यांचं गणितही पक्कं होतं. एखादा शोधनिबंध हातात घेतला की त्यातले शब्द अडत नाहीत. पहिल्या वर्षी हे फार उपयोगी पडतं.

आणि गंमत म्हणजे, संशोधकाला सगळ्यात जास्त देणारा भाग बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात उरकतात. तो म्हणजे एथिक्स. त्यात सांगितलंय की शिफारशीला पुरेसा, तपासलेला आधार हवा. वस्तुस्थिती आणि स्वतःचं मत वेगळं करून मांडा. निष्कर्षापर्यंत कसे पोहोचलात त्याच्या नोंदी जपून ठेवा. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवू नका. बघा, प्रबंधाचे नियम याहून वेगळे आहेत का? माझ्या सत्यमच्या चुकीवर इलाज याच पानांत होता. मी ते मार्कांसाठी वाचलं आणि पुस्तक मिटलं.

याच प्रश्नाचं संशोधन करून बघा

तुम्ही मला विचारता, सीएफए केल्याने फायदा होतो का. हा प्रश्न संशोधकासारखा मांडू या.

समजा सीएफए झालेल्या अ‍ॅनालिस्टांचे अंदाज इतरांपेक्षा अचूक निघाले. त्यावरून सीएफएने ते हुशार झाले असं म्हणता येईल का? नाही. मुळातच चिकाटीची माणसं त्या वाटेला जातात, असंही असू शकतं. गॅरी बेकर यांच्या मानवी भांडवलाच्या मांडणीप्रमाणे शिक्षणाने कौशल्य वाढतं. मायकल स्पेन्स यांच्या १९७३ च्या निबंधाप्रमाणे शिक्षणाने कौशल्य न वाढताही पदवीला किंमत असू शकते, कारण ती मालकाला 'हा माणूस कष्टाळू आहे' अशी खूण देते. दोन्हींत पगार वाढतो. मग ओळखायचं कसं?

एक वाट अशी: पासच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या उमेदवारांची तुलना करायची. एक-दोन प्रश्नांच्या फरकाने पास-नापास झालेले लोक अभ्यासात जवळपास सारखेच. तरीही पुढे पगारात मोठा फरक पडला, तर तो ज्ञानाचा नाही, शिक्क्याचा. पण अडचणी लगेच दिसतात. नापास झालेले पुन्हा बसतात. गुणांचा डेटा संस्थेकडे असतो, तुमच्याकडे नाही. आणि परीक्षाच न दिलेल्यांबद्दल या तुलनेतून काहीच कळत नाही. हे एवढं तुम्ही वहीत लिहिलंत, तर तो तुमच्या रिसर्च प्रपोजलचा पहिला कच्चा खर्डा झाला.

हिशोब

आता व्यवहाराचं. संस्थाच सांगते की एका लेव्हलला सुमारे ३०० तास अभ्यास धरा. रोज दोन तास म्हटले तरी पाच महिने. फी एका लेव्हलला हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे, म्हणजे दोन महिन्यांची फेलोशिप एका परीक्षेला पुरत नाही. आणि एक लक्षात ठेवा: यूजीसीने २०२१ मध्ये सीए, सीएस आणि आयसीडब्ल्यूए यांना पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं, त्यात सीएफए नाही. नेट द्यायची ती द्यावीच लागते.

म्हणून माझं उत्तर असं. फंड हाउस, रिसर्च डेस्क, बँक इथे नोकरी हवी असेल तर बिनधास्त करा, आणि पूर्ण करा. संशोधनच करायचं नक्की असेल तर 'प्रोफाइल'साठी तिन्ही लेव्हलच्या मागे लागू नका. तीच पुस्तकं सीनियरकडून मागून घ्या आणि फायनान्शियल स्टेटमेंट, फिक्स्ड इन्कम आणि एथिक्स एवढं नीट वाचा. उरलेल्या वेळात एक डेटासेट स्वतःच्या हाताने बांधा. आयआयएम अहमदाबादच्या संशोधकांनी भारतीय बाजारासाठी फामा-फ्रेंच आणि मोमेंटम फॅक्टरांचा डेटा मोफत ठेवलाय. तुमचे आकडे त्यांच्याशी जुळवून बघा. जुळणार नाहीत. का जुळत नाहीत हे शोधण्यात जो महिना जाईल, त्यात तुम्ही माझ्यापेक्षा लवकर शहाणे व्हाल.

आणि ज्यांची लेव्हल वन आधीच सुरू आहे त्यांनी सोडू नका. फक्त एक वही शेजारी ठेवा. प्रत्येक सूत्रासमोर 'हा आकडा प्रत्यक्षात कुठून आणायचा?' असं लिहा आणि महिन्यातून एका आकड्याचा खरोखर माग काढा. मी लेव्हल थ्रीचा फॉर्म यंदाही भरलेला नाही. प्रबंध जमा झाल्यावर बघू. तोवर ती वही मात्र रोज उघडते. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय: सत्यम कुठे आहे?