वळवाआधीचा मजकूर

पावसाळ्याच्या तोंडावर महावितरण नागरिकांसाठी एक सूचनापत्रक काढतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ते येतं आणि बहुतेक जण न वाचताच पान उलटतात. लेखकाचं नाव नाही, अलंकार नाही, वाक्यं सगळी ‘नये’ नाहीतर ‘ठेवावे’वर संपणारी. तरी जळगाव-धुळ्याकडचा वळीव ज्याने अंगावर घेतला आहे, त्याने ते एकदा सावकाश वाचावं. कसलेलं गद्य आहे.

पहिला गुण निरीक्षणाचा. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला गुरं बांधू नयेत. कपडे वाळत घालायची तार खांबाला आणि पत्र्याला बांधू नये. ओल्या हाताने बटण दाबू नये. या ओळी खुर्चीत बसून सुचत नाहीत. त्यांच्यामागे दावणीला दगावलेली जनावरं आहेत, ओला टॉवेल टाकताना तारेला चिकटलेली माणसं आहेत. पत्रक त्यातलं काहीच सांगत नाही, नुसती वस्तूंची नावं घेतं आणि पुढे जातं. वाचणारा मात्र आपल्या अंगणातली तार आठवून चपापतो.

दुसरा गुण उशिरा लक्षात येतो. विजा कडाडत असताना उपकरणांचे प्लग काढून ठेवा, असं एक वाक्य सांगतं. तारा तुटल्या तर हात न लावता १९१२ वर कळवा, असं दुसरं. वाचताना दोन्ही एकच वाटतात, पण ती दोन वेगळ्या संकटांबद्दल आहेत. जवळपास वीज पडली की तारांतून येणारा झटका सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात मोजावा इतका अल्पजीवी. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडची नाण्याएवढी चकती असते. नेहमीच्या २३० व्होल्टला ती दाद देत नाही. दाब एकदम चढला की गिरणेच्या सांडव्यासारखी जादा लोंढा बाजूला काढून देते, आणि दर वेळी थोडी झिजते. वाऱ्याने डीपीवरचा न्यूट्रल तुटला, तर गोष्ट निराळी. घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो आणि लाइनमन येईपर्यंत टिकतो. तिथे ती चकती स्वतःच जळते. दाब वाढताच लाइन तोडणारं कटआउट तिच्या जोडीला लागतं. प्लग काढलेला असेल तर दोन्ही संकटं बाहेरच्या बाहेर जातात. बिनखर्चाचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय पत्रकाने एका ओळीत बसवला आहे.

हा मजकूर चाकांवरच्या घराला लावून पाहिला की आणखी खुलतो. राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं. ट्रकमध्ये संसार, जनरेटर आणि दिव्यांच्या माळा भरून यात्रांची गावं घेणारे तमाशाचे फड त्याच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर आहेत. कॅरॅव्हॅन पाटणादेवीला लागो की लळिंगच्या पायथ्याशी, ती दुसऱ्याच्या सॉकेटवर जगते. रबरी टायरमुळे वीज पडत नाही, ही समजूत खोटी. बंद धातूच्या बॉडीत माणसाला बरंच संरक्षण मिळतं, पण टीव्ही-फ्रिजला मिळेलच असं नाही, कारण बाहेरची केबल झटका थेट आत आणते. टायरमुळे गाडीचा जमिनीशी संबंध तुटतो तो वेगळाच. तिचं अर्थिंग येतं केबलच्या तिसऱ्या तारेतून, आणि ढाब्याच्या मागच्या सॉकेटात ती तार पुष्कळदा जोडलेलीच नसते. मग एखादी वायर बॉडीला टेकली की दाराची मूठच झटका देते. म्हणून वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरून बघावा. तो मिणमिणला तर अर्थिंग नावापुरतं समजावं.

अर्थिंग सुस्थितीत आहे का बघा, ही ओळ पत्रकात इतर सूचनांच्या गर्दीत येते. माझ्या मते सगळ्या मजकुराचा जीव तीच आहे. झटका कुठल्याही यंत्राने अडवला, तरी त्याला शेवटी जिरायला जमीन हवी. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. काळी जमीन भेगाळते, कोळसा-मीठ घालून पुरलेल्या पाइपाभोवतीची ओल उडून जाते, आणि कोरडी माती वीज सहजासहजी घेत नाही. नेमक्या त्याच दिवसांत रावेर-यावलच्या केळीबागा झोपवणारी वादळं येतात. म्हणजे अर्थिंगची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते सर्वांत दुबळं असतं.

इथे पत्रक थोडं कमी पडतं. खात्री करा म्हणतं, कशी आणि कधी ते वाचणाऱ्यावर सोडतं. सगळ्या महाराष्ट्रासाठी लिहिलेल्या मजकुरात खानदेशचा मे मावणार नाही, हे समजण्यासारखं आहे. इथल्या वाचकाने समासात एक ओळ आपल्या हाताने लिहावी: ढग दिसायच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे.