रान माजलेली बाग : सल्ला आणि पडताळा
(केन थॉम्सन यांच्या 'नो नेटल्स रिक्वायर्ड' या पुस्तकाच्या निमित्ताने)

बागेत रान माजले की मालक बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. कोयता घेऊन सगळे साफ करतो, नाहीतर 'निसर्गाला मोकळे सोडले आहे' असे म्हणून स्वस्थ बसतो. ब्रिटनमध्ये गेल्या चाळीसेक वर्षांत यापेक्षा वेगळा असा तिसरा मार्ग लोकप्रिय झाला. बाग थोडी हाताळायची आणि तिथे पक्षी, बेडूक, फुलपाखरे, कीटक यांना आसरा द्यायचा. ख्रिस बेन्स यांचे या विषयावरील पुस्तक १९८५ साली निघाले. पुढे अशी अनेक पुस्तके आली. नवशिक्याला त्यांत एक ठरावीक यादी मिळते : देशी झाडे लावा, छोटे तळे खणा, ओंडके रचून ठेवा, कोपऱ्यात नेटल वाढू द्या. नेटल म्हणजे अंगाला लागताच आग करणारे तण. तिकडच्या काही देखण्या फुलपाखरांच्या अळ्या त्यावर वाढतात.

ही यादी कोणी तपासून पाहिली आहे का? शेफील्ड विद्यापीठातील परिसरशास्त्रज्ञ केन थॉम्सन यांचे २००६ साली प्रसिद्ध झालेले 'नो नेटल्स रिक्वायर्ड' हे पुस्तक या प्रश्नाभोवती उभे आहे. 'नेटलची गरज नाही' असा नावाचा अर्थ. थॉम्सन केविन गॅस्टन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर शेफील्डमधील बागांच्या अभ्यासात सहभागी होते. या अभ्यासात शहरातील ६१ घरगुती बागा पाहिल्या गेल्या. त्यांत वनस्पतींच्या १,१६६ जाती आढळल्या, आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के परदेशी होत्या.

पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग प्रयोगांचा आहे. यादीतील सूचना प्रत्यक्ष बागांत राबवून त्यांचा परिणाम मोजला गेला. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी व गांधीलमाश्यांसाठी पोकळ नळ्यांसारखी साधी घरटी ठेवली, ती त्यांनी भराभर वापरली. केसाळ 'बम्बलबी' माश्यांसाठी केलेली घरटी मात्र अपयशी ठरली. मुद्दाम लावलेल्या नेटलकडे फुलपाखरांनी अंडी घालण्यासाठी पाहिलेही नाही. पुस्तके वर्षानुवर्षे देत आलेला सल्ला पहिल्याच परीक्षेत अडखळला. थॉम्सन हे सारे हसतखेळत सांगतात. जीवशास्त्राचे फारसे शिक्षण नसलेल्यालाही ते कळते.

थॉम्सन यांच्या विचारामागे आणखी एका बागेचा आधार आहे. लेस्टर शहरातील प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर ओवेन यांनी १९७२पासून तीस वर्षे आपल्या घरच्या बागेतील जीवांची नोंद ठेवली. बाग ७४१ चौरस मीटरची, म्हणजे सात-आठ गुंठ्यांची. ती मोकाट सोडलेली नव्हती. भाजीपाला होता, हिरवळ होती, शोभेची परदेशी झाडेही होती. फक्त कीटकनाशके नव्हती. तेथे एकूण २,६७३ जाती नोंदल्या गेल्या : वनस्पती ४७४, कीटक १,९९७, इतर अपृष्ठवंशीय १३८ आणि पृष्ठवंशीय ६४. दुसऱ्या कीटकांच्या अळ्यांवर वाढणाऱ्या परजीवी माश्यांच्या एकाच कुळातील पाचशेहून अधिक जाती सापडल्या, आणि त्यांतील चार विज्ञानाला पूर्णपणे नव्या होत्या. एका सामान्य घराच्या आवारात!

यावरून थॉम्सन धीर देतात की, नवशिक्याने यादीचे दडपण घेऊ नये. साधी, विषारी फवारणी नसलेली बागही जीवांनी भरलेली असते. येथपर्यंत ते पटते. पण काही ठिकाणी हा धीर पुराव्याच्या पुढे जातो.

पहिली गोष्ट नावाचीच. बागेतल्या नेटलवर अंडी नव्हती, याचा अर्थ फुलपाखरांना नेटल नको असा होत नाही. बागेबाहेर, माळावर आणि ओढ्याकाठी, नेटल मुबलक असेल, तर बागेतील चार रोपट्यांची मातबरी ती काय? म्हणजे निष्कर्ष त्या परिसरापुरता आहे. घाईने वाचणाऱ्याला तो सार्वत्रिक वाटेल.

दुसरी गोष्ट ओवेन यांच्या आकड्यांची. त्यांच्या नोंदींत तंबूसारख्या जाळ्याच्या सापळ्याचा मोठा वाटा आहे. उडत आलेला कीटक सापळ्यात सापडतो. तो बागेत जन्मला की वाटेने जाताना अडकला, हे आकडा सांगत नाही. २,६७३ ही त्या बागेत दिसलेल्यांची संख्या आहे, तिने पोसलेल्यांची नव्हे.

तिसरी गोष्ट देशी-परदेशी झाडांची. दोन्हींत फारसा फरक पडत नाही, असा थॉम्सन यांचा सूर आहे. पुढे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तीन मीटर लांब-रुंद असे ३६ वाफे करून याची पद्धतशीर तुलना केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार परदेशी झाडांच्या वाफ्यांत झाडांवर राहणारे अपृष्ठवंशीय जीव देशी वाफ्यांपेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी होते. मात्र उशिरा फुलणाऱ्या परदेशी झाडांमुळे फुलांवर येणाऱ्या कीटकांना हंगामाच्या अखेरीसही खाद्य मिळाले, असे याच प्रयोगातून दिसले होते. फरक आहे, पण तो 'परदेशी म्हणजे निरुपयोगी' इतका ढोबळ नाही. थॉम्सन यांचे एक मत येथे दुरुस्त झाले ते त्यांनीच पुरस्कारलेल्या मार्गाने, म्हणजे मोजून. म्हणून यातील एखादा निष्कर्ष जुना झाला तरी पुस्तक जुने होत नाही.

आपल्या शिक्षकांना हे पुस्तक कितपत उपयोगी? त्यातील झाडे आणि महिने उचलून चालणार नाही. शेफील्डच्या बागेचे वर्ष थंडीवर चालते, आपल्या आवाराचे पावसावर. जूनमध्ये उगवलेले रान दिवाळीनंतर वाळू लागते. शिवाय तिकडच्या नवशिक्याला न पडणारा एक प्रश्न आपल्यापुढे असतो : साप. वर्ग, पायवाट आणि पाण्याचा नळ यांच्याजवळचे गवत कापलेलेच हवे, ओंडके व दगडांचे ढीगही तिथून दूर हवेत. मुलांनी गवतात हात घालायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

उचलायची ती पद्धत. शाळेमागचे रान सरसकट कापण्याआधी एक मीटर चौरसाच्या चौकटी आखून, कडेला उभे राहून, त्यांतील झाडे आणि कीटक मोजावेत. मग निम्मा भाग कापावा, निम्मा ठेवावा, आणि दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजावे. निम्मा ठेवलेला भागही कायम तसाच ठेवायचा नाही. पुरेसा पाऊस असेल तिथे झुडपे वाढतात, सावली दाटते आणि उन्हात फुलणारी लहान झाडे हटतात. पाळीपाळीने कापले तर दोन्ही प्रकारच्या जीवांना जागा राहते.

नेटलचा प्रयोगही आपल्याकडे वेगळ्या रूपात करता येईल. कढीपत्त्यावर आणि रुईवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, हे आपण पुस्तकात शिकवतो. आपल्या आवारातल्या झाडावर त्या येतात का? किती, आणि कोणत्या महिन्यात? जवळच्या माळावर रुई भरपूर असेल तर शाळेतल्या रुईकडे फुलपाखरे फिरकतात का? याचे उत्तर थॉम्सनही देऊ शकणार नाहीत. आठवीच्या मुलांची एक वही ते देऊ शकेल. अळ्या आल्याच नाहीत, तर तीही नोंद तितक्याच काळजीने लिहावी. अंडी नसलेल्या नेटलची नोंद कोणी ठेवली, म्हणूनच तर हे पुस्तक लिहिले गेले.