नवजाताचे वृक्ककार्य : मापन आणि परिभाषा

जन्मसमयी प्राणवायूस वंचित झालेल्या अर्भकाचे वृक्ककार्य कसे मोजावे, हा प्रश्न वैद्यकाचा खरा; तथापि त्याचे मराठी निरूपण तपासता परिभाषेचा दोष हाच मापनाचा दोष होऊ पाहतो, असे म्हणावे लागते.

प्रथम 'श्वासावरोध' ही संज्ञा घेऊ. गर्भाचा प्राणवायू फुप्फुसांतून नव्हे, तर वारेतून नाळेवाटे येतो. तो पुरवठा प्रसूतीपूर्वीच खंडित झाला, तर अवरोध श्वासाचा नसतो. अशा वेळी शरीर मेंदू व हृदय यांचा रक्तपुरवठा राखते आणि वृक्कांचा घटविते. 'ॲस्फिक्सिया' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'नाडी न लागणे' असाच आहे. म्हणून 'प्राणवायुन्यूनता' ही संज्ञा अधिक अन्वर्थक होय.

'मूत्रपिंड' हा शब्द याहून फसवा आहे. मूत्र होते, अर्थात पिंड ठीक, असे तो सुचवितो. वस्तुतः प्राणवायुन्यूनतेनंतर पुष्कळ अर्भकांत मूत्र पुरेसे होत असूनही रक्ताचे गालन मंदावलेले असते. म्हणून किलोग्रॅममागे तासाला १ मिलिलिटर ही मूत्राची रूढ सीमा एकटी पुरत नाही. रक्तातील क्रिएटिनीन मोजावे, तर आरंभीच्या दिवसांत त्यात मातेचा अंश असतो. निरोगी, पूर्ण दिवसांच्या अर्भकात ते पुढे उतरत जाते. येथे ते न उतरणे हीसुद्धा सूचनाच. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅम वाढ, म्हणजे एका आकड्यापेक्षा त्याची गती, महत्त्वाची मानली आहे.

मराठी विश्वकोशाने 'वृक्क' हा शब्द पत्करला आहे. त्यावर आक्षेप संभवतो : चरकसंहितेत वृक्क हे मेदोवह स्रोतसांचे मूळ आहेत, मूत्रवह स्रोतसांचे मूळ बस्ती व वंक्षण. आक्षेप यथार्थ आहे; परंतु आजच्या वाचकास या शब्दाची व्युत्पत्ती कोणतेच कार्य सुचवीत नाही, आणि म्हणूनच तो अपसमज उत्पन्न करीत नाही.

पुण्याच्या रुग्णालयांत पालक 'किडनी' म्हणतात. त्यांच्याशी बोलताना तोच शब्द योग्य. मात्र 'लघवी झाली' एवढ्यावर त्यांनी निश्चिंत व्हावे, असे कोणी सुचवू नये. शास्त्रीय लेखनात तर 'कार्य उत्तम' हे मोघम विधान टाकून मूत्रमान, क्रिएटिनीन आणि गालनवेग यांपैकी काय मोजले व जन्मानंतर कितव्या तासाला, हे सांगितलेच पाहिजे. जे मोजले त्याचेच नाव घेणे, ही परिभाषेची पहिली अट होय.