जर्मन व्याकरणाच्या युक्त्या नेमक्या कुणासाठी?

पीएचडीसाठी जर्मनीचा विचार करत असाल, तर ‘ए वन’ची तयारी करताना व्याकरण लक्षात ठेवायच्या युक्त्यांचा ढीग तुमच्यापुढे येणारच. संगमनेर, श्रीरामपूर, पाथर्डीकडून क्लाससाठी दर आठवड्याला पुणं गाठणं सगळ्यांना परवडत नाही. मग भिस्त या युक्त्यांवर. पण त्यातल्या बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनलेल्या आहेत, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

‘वाइल’ म्हणजे कारण. युक्ती म्हणते, वाइल क्रियापदाला ढकलून वाक्याच्या शेवटी नेतो. आता हे बघा: ‘वाइल इश इन संगमनेर वोने’, कारण मी संगमनेरला राहतो. क्रियापद शेवटी ठेवायला आपल्याला युक्ती कशाला हवी? आपण तर जन्मापासून तेच करतोय! आपली गडबड होते साध्या वाक्यात, कारण तिथे क्रियापद दुसऱ्या जागी लागतं: ‘होयटे लेर्ने इश डॉइच’, म्हणजे ‘आज शिकतो मी जर्मन’. त्यासाठी मात्र फारशी कुणी युक्ती देत नाही.

दुसरी प्रसिद्ध युक्ती गाण्याची. स्ट्राउसच्या ‘ब्लू डॅन्यूब’च्या चालीवर आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू. चाल पाठ होते, पण बोलताना ‘डेर’चा ‘डेम’ करायचं राहून जातं. त्यापेक्षा ‘मिट डेम बुस’ हे ‘बसने’सारखं एकच शब्द समजून घोका.

लिंगांचं काय? तो, ती, ते आपल्याकडे आहेतच; म्हणून तर आपण फसतो. सूर्य आपल्याकडे ‘तो’, जर्मनमध्ये ‘डी झोने’, म्हणजे ती. टेबल ‘ते’, तर ‘डेर टिश’ तो. पण वासरू, कोकरू घ्या: ‘डास काल्ब’, ‘डास लाम’. दोन्हीकडे नपुंसकलिंगीच. ‘-शेन’ लागून लहान झालेला शब्दही ‘डास’, म्हणून मुलगीसुद्धा ‘डास मेडशेन’. आपल्या ‘लेकरू’ची आठवण ठेवली की हे विचित्र वाटत नाही. (कुत्र्याचं पिल्लू मात्र ‘डेर वेल्पे’. तिथे ही युक्ती झोपते.)

संशोधनाला निघालेल्यांसाठी सगळ्यात कामाची युक्ती शेपटाची: ‘-उंग’ प्रत्यय लागला की स्त्रीलिंगी. फोर्शुंग म्हणजे संशोधन, मेसुंग म्हणजे मोजमाप, ल्योझुंग म्हणजे द्रावण, सगळ्या ‘डी’. ‘श्प्रुंग’ (उडी) मात्र पुल्लिंगी, कारण तिथलं ‘उंग’ हा प्रत्यय नाही, मूळ शब्दाचाच तुकडा आहे.